गांजा ओढणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि लावणाऱ्याची शिक्षा

धुळे - शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस, तुरीच्या आड लावलेली गांजाची शेती पोलिसांनी उद्ध्वस्त केली, ही बातमी खानदेशात नवी राहिलेली नाही. रोपे उपटली जातात, वजन होते, पंचनामा होतो आणि कसणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. दुसरीकडे कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्याची मुभा दिल्यावर 'मी काय ओढावे हे सरकारने का ठरवावे?' हा प्रश्न आपल्या शहरांतही विचारला जातो.

या प्रश्नामागचा विचार जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडला. इतरांची हानी होत नाही तोवर प्रौढ व्यक्तीवर समाजाने सक्ती करू नये, असे त्यांचे म्हणणे. आपल्या राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेद मात्र आरोग्यास अपायकारक अमली पदार्थांवर बंदीसाठी प्रयत्न करण्यास राज्याला सांगतो. व्यसनाची हानी एकट्या व्यसनीपुरती नसते, हे तर मतदानाने दारूची बाटली 'आडवी' करणाऱ्या महिलांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागलेले नाही. मिल यांचा युक्तिवाद येथे दुबळा पडतो.

मात्र बंदीचा कायदाही या झाडाकडे एका नजरेने पाहत नाही. १९८५ च्या 'एनडीपीएस' कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना असलेली पाने व बिया व्याख्येबाहेर. म्हणूनच काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. गांजा ओढणाऱ्यास कमाल सहा महिने कैद आहे. व्यसनी स्वेच्छेने उपचारास गेला, तर त्याला खटल्यातून सवलतही मिळू शकते. लावणाऱ्यास मात्र कमाल दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड. गांजा बाळगल्यास एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प, तर वीस किलोंहून अधिक ते व्यावसायिक मानले जाते. लागवडीच्या शिक्षेत अशा पायऱ्याच नाहीत. दहा रोपे आणि दहा एकर एकाच कलमात. व्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत हा लावणारा सहसा नसतोच.

पर्याय अगदीच नवा नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने बेताच्या सेवनाने फारशी हानी होत नसल्याचे नोंदवून बंदीऐवजी कर आणि परवान्याची शिफारस केली होती. आजच्या कायद्याचे दहावे कलमही राज्यांना लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार देते.

पण उद्या परवाना आलाच, तर तो कोणाला मिळणार? सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वनजमीन कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा ज्याचा मंजूर झालेला नाही, त्याच्याकडे दाखवायला सातबारा नाही. परवान्याला जमिनीचा कागद लागणार असेल, तर तो सपाटीवरच्या मोठ्या बागायतदाराच्या हाती पडेल आणि डोंगरातील रोपे पोलीस तेव्हाही उपटतच राहतील.