मॅक्रो लेन्स घेण्याआधी

झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं छापलेलं असतं आणि तेवढ्यावर विसंबून अनेक जण लेन्स घेऊन टाकतात. तो शब्द कुठल्या लेन्सवर छापायचा हे कंपनीच्या मर्जीवर असतं. पाहायचं ते गुणोत्तर. १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, त्यामुळे दीड सेंटिमीटरचं फूल जवळपास निम्मी फ्रेम व्यापतं. १:४ पर्यंतच जाणाऱ्या झूममध्ये तेच फूल फ्रेमचा जेमतेम दहावा हिस्सा भरतं. क्रॉप सेन्सरवर १:१ चं आपोआप १.५:१ होतं, असंही ऐकू येतं. ते खरं नाही. प्रतिमा तेवढीच राहते, चौकट लहान होते.

खरी फसगत होते ती दुसऱ्याच एका आकड्यात. कॅननच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रोचं किमान फोकस अंतर ३० सेंमी दिलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, कोळ्यापासून फूटभर लांब राहता येईल. पण हे अंतर सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर आरपार रेघ असलेलं छोटं वर्तुळ असतं, ती सेन्सरच्या जागेची खूण. तिथून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या तोंडापुढे उरतात सुमारे १३ सेंमी. निकॉनच्या ६० मिमी एफ/२.८ जी मायक्रोपुढे उरतात जेमतेम ५ सेंमी, तर कॅननच्या १८० मिमी मॅक्रोपुढे २५ च्या आसपास. तिन्ही लेन्स १:१ देतात, म्हणजे फोकल लेंथ वाढली म्हणून किडा मोठा दिसत नाही. आपल्याला लांब उभं राहता येतं, एवढंच. पण या ‘एवढंच’वर सगळं अवलंबून आहे. ५ सेंमीवर लेन्सची सावली किड्यावर पडते, फ्लॅशचा उजेड आत पोचत नाही आणि चतुर केव्हाच उडून गेलेला असतो. टेबलावर नाणी, दागिने, टपाल तिकिटं टिपायची असतील तर ६० मिमी उत्तम आहे. किडे टिपायचे असतील तर मी ९० ते १०५ मिमीच्या खाली जाऊ नका असंच सांगेन.

आता ‘एफ/२२ लावा, सगळं शार्प येईल’ हा सल्ला. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती जवळून पाहा. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एक थेंब असतो. १:१ ला एफ/८ वर फुल फ्रेममध्ये जी खोली शार्प येते ती जेमतेम एक मिलिमीटर, एफ/२.८ वर त्याचा एक तृतीयांश. एक थेंब लख्ख दिसतो आणि त्याच्या मागच्या केसांचा नुसता गुलाबी धूर होतो. म्हणून अॅपर्चर बंद करत जायचा मोह होतो. पण १:१ ला लेन्सचं परिणामी अॅपर्चर लिहिलेल्या आकड्याच्या साधारण दुप्पट होतं: एफ/८ चं एफ/१६, एफ/२२ चं एफ/४५ च्या जवळ. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि थेंबाची कडाच मऊ होते. खोली मिळते, पण धार जाते. निकॉनवर १०५ मिमी मायक्रो लावून अगदी जवळ गेल्यावर २.८ ऐवजी साडेचार-पाचचा आकडा दिसतो आणि लेन्स बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते. कॅमेरा परिणामी आकडा दाखवत असतो. कॅनन लिहिलेला आकडाच दाखवत राहतो, प्रकाश मात्र तिथेही तितकाच कमी होतो.

म्हणून एफ/८ ते एफ/११ वर थांबावं आणि खोलीऐवजी कोन बदलावा. पान, पंख किंवा किड्याचं अंग सेन्सरला समांतर आलं की तो एक मिलिमीटर पुरतो. विषय स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढून ते सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतावर हा उपाय चालत नाही.

महागडी मॅक्रो लेन्सच हवी असंही नाही. एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काच नसते. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की मोठेपणात निम्म्या पटीची भर पडते. मोठ्या लेन्सवर मात्र ट्यूब फारशी उपयोगी नाही, तिथे पुढे लावायची क्लोज-अप लेन्स घ्यावी. रेनॉक्स डीसीआर-२५० ची शक्ती ८ डायॉप्टर आहे. २०० मिमीच्या लेन्सवर ती लावली, मूळ लेन्स अनंतावर ठेवली, तर मोठेपण १:१ च्याही पुढे जातं आणि कामाला सुमारे १२ सेंमी जागा मिळते.

ऑटोफोकस १:१ ला पुढे-मागे हेलपाटे घालतो. तो बंद करून शरीर किंचित झुलवत फोकस साधणं सोपं पडतं. स्टॅबिलायझरवरही फार भिस्त नको: वर सांगितलेल्या १०० मिमी कॅननच्या बाबतीत कंपनीचा दावा एरवी चार स्टॉपचा, १:१ ला दोनच स्टॉपचा आहे. शिवाय स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, वाऱ्याने हलणारी काडी नाही.

ती काडी थांबवतो फ्लॅश. ‘फ्लॅशने मॅक्रो फोटो कृत्रिम दिसतो’ या समजुतीपायी कितीतरी चांगले फोटो हुकतात. कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजारो भागांपैकी एका भागापुरताच पेटतो, त्यामुळे हालचाल गोठते. भगभगीत दिसतो तो उघडा फ्लॅश. समोर पांढऱ्या पातळ कागदाचा किंवा कापडाचा मोठा डिफ्युझर किड्याच्या शक्य तितका जवळ आणला, की भुंग्याच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्याऐवजी मऊ चकाकी येते. हे साहित्य घरात असतं, आणि नव्या लेन्सपेक्षा फोटो त्यानेच जास्त सुधारतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर मात्र १:१ चा हट्ट सोडून द्यावा. सीतेची आसवे वाटेपासून हातभर आत फुललेली असली, तर आत पाय टाकून किंवा ट्रायपॉड रोवून तिथलीच इतर झाडं तुडवण्यात काय अर्थ आहे? वाटेवरून ७०-३०० सारखी झूम लेन्स १:४ वर जे टिपते तेवढं घ्यावं. किडा स्वस्थ बसावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा प्रकारही चालतो. त्यात त्या जिवाला इजा होते, आणि त्याची गरजही नसते. सूर्योदयाच्या सुमारास चतुर आणि फुलपाखरं दवाने ओली, थंडीने जड झालेली असतात. ऊन अंगावर येईपर्यंत ती सहसा काडी सोडत नाहीत, तेव्हा ट्रायपॉड लावून शांतपणे फोकस सरकवत फोटो काढायलाही वेळ मिळतो.