माप न घेतलेला पट्टा

पाण्याच्या एक सेंटीमीटर उंचीचा दाब एक चौरस सेंटीमीटर जागेवर पडला, की तो एक ग्रॅम वजनाइतका भरतो. झोपेत श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्येच मोजतात, म्हणून पुढचा हिशेब तोंडी होतो. नाक आणि तोंड झाकणाऱ्या मास्कखाली समजा साठ चौरस सेंटीमीटर जागा आली आणि डॉक्टरांनी मशीन दहावर लावून दिलं, तर आतली हवा तो मास्क सहाशे ग्रॅमच्या जोरानं चेहऱ्यापासून दूर लोटत असते, तीही रात्रभर. हा जोर पेलण्याचं काम डोक्यामागून गेलेला एक कापडी पट्टा करतो. मशीन घेताना त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

होटगीला राहणारे माझे एक काका रेल्वेतून निवृत्त झाले. होटगी म्हणजे सोलापूरला लागून, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं जंक्शन. मुंबईहून आलेला मार्ग इथून वाडीकडे जातो आणि विजापूर-गदगचा फाटा इथूनच फुटतो. तो फाटा मीटरगेज होता तेव्हा इथं गाडी बदलावी लागे, त्यामुळे रात्रपाळी हा इथल्या कित्येक घरांचा धर्मच होता. काकांचं घोरणं त्या काळापासून प्रसिद्ध. निवृत्तीनंतर ते दिवसा बसल्याजागी पेंगू लागले, तेव्हा तपासणी झाली आणि घरी सतत दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन आलं. महिन्याभरानं विचारलं, तर म्हणाले, "मशिनीचं काय न्हाई रे, गुणाची हाय. ह्यो पट्टा झोपू देत न्हाई."

झोपेत श्वास थांबण्याचा त्यांचा आजार दुर्मीळ नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागं पडतो, श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि मग तेच चक्र पुन्हा सुरू. मुंबईचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष घेतले होते. हे सगळे नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले, वरकरणी धडधाकट. त्यांच्या अंदाजानुसार १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतल्या श्वासाचा बिघाड होता, आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. हे शहरी पुरुषांचे आकडे आहेत. घोरणाऱ्या बाईला तपासायला नेण्याइतकी हिंमत आपल्या घरांत अजून कमीच, हे माझं मत.

या आजारावर औषधाची गोळी शोधत बसण्याऐवजी सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हवेचाच टेकू द्यायचं ठरवलं. सतत दाबानं हवा सोडली तर घशाची वाट मिटणारच नाही, अशी त्यांची कल्पना. पाच रुग्णांवरचा त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये एप्रिल १९८१ मध्ये आला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हवा फुंकायची, हा त्यातला भाग लोक कौतुकानं सांगतात. मला त्या पहिल्या मास्कांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून फायबरग्लासचा मास्क बनवायचा आणि रोज रात्री तो सिलिकॉनच्या गोंदानं चेहऱ्याला चिकटवायचा! सकाळी सोलून काढायचा, रात्री पुन्हा चिकटवायचा. तरीही माणसं हे करत होती, कारण कित्येक वर्षांनी त्यांना सलग झोप मिळत होती. मास्क मात्र ज्याच्या त्याच्या नाकाचा होता. पुढे १९८५ च्या सुमारास कारखान्यात बनलेली मशीनं आणि मास्क बाजारात आले, गोंद गेला, पट्टा आला. त्याबरोबर ज्याच्या त्याच्या मापाची गोष्टही संपली. आता छोटा, मध्यम, मोठा, यांतून निवडायचं.

काकांचा पट्टा मी टेबलावर पसरून पाहिला. चार भुजा. वरच्या दोन कानांच्या वरून कपाळाकडे येणाऱ्या, खालच्या दोन कानांखालून गालांवर येणाऱ्या, आणि मागं त्या चौघींना जोडणारा रुंद तुकडा. कापड तीन थरांचं: बाहेर ताणलं जाणारं विणीचं कापड, मधे पातळ फोम, आत पुन्हा कापड. टोकांना वेलक्रोचे आकडे, ते पट्ट्याच्याच लोकरी पृष्ठभागावर चिकटतात. जिथं रोज चिकटतात तिथली लव झडून जागा गुळगुळीत झाली होती. म्हणजे योग्य मापावर पट्टा आता नीट धरतच नव्हता. काका तो एक बोट पुढं ओढून लावायचे, जिथं लव शाबूत होती तिथं. मानेकडच्या कडेला खोबरेल आणि घामाची काळपट रेघ, आणि तिथं फोम कापडापासून सुटून आलेला. काकू हा पट्टा दर रविवारी साबणात घासून गच्चीवर उन्हात वाळत घालत. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन चाळिशी केव्हाच ओलांडतं. फोम, इलॅस्टिक आणि डिंक यांना हे ऊन घामापेक्षा जास्त मारतं. असा पट्टा कोमट पाण्यात हातानं धुवून सावलीत वाळवायचा असतो. तशी सूचना डब्यातल्या इंग्रजी कागदावर बारीक अक्षरात होतीही.

आता पट्टा रुततो म्हणजे नेमकं काय होतं? प्रत्येक भुजेत साधारण दोनशे ग्रॅमचा ताण धरू. पट्टा दोन सेंटीमीटर रुंद आणि डोक्याची गोलाई आठ सेंटीमीटर त्रिज्येची असेल, तर कातडीवर दर चौरस सेंटीमीटरला साडेबारा ग्रॅम दाब पडतो. हे काहीच नाही. पण तोच पट्टा कानाच्या मुळाशी वळतो तिथं गोलाई एक सेंटीमीटरवर येते आणि दाब शंभर ग्रॅमवर जातो. कातडीतल्या केशवाहिन्यांत रक्त किती दाबानं वाहतं, याचं मोजमाप यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये दिलं. धमनीकडच्या टोकाला सरासरी ३२ मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम चव्वेचाळीस ग्रॅम. त्याच्या दुपटीहून जास्त दाब रात्रभर एका जागी बसला तर सकाळी लाल वळ उठणार, आणि नाकाच्या दांड्यावर, जिथं कातडीखाली लगेच हाड आहे, तिथं जखमही होणार. दवाखान्यात बायपॅपवर, म्हणजे अशाच पण दोन दाबांच्या मशीनवर, दिवसेंदिवस राहिलेल्या रुग्णांच्या नाकावरच्या या जखमा परिचारिकांना चांगल्या ठाऊक असतात.

यावर घरोघरी एकच उपाय होतो, आणि तो नेमका उलटा असतो. हवा गळते म्हणून पट्टा करकचून आवळायचा. मास्कच्या गादीला कडेला सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पदर असतो. आतल्या हवेनं तो फुगून कातडीला टेकावा आणि हवेच्याच जोरावर फट बुजावी, अशी त्याची रचना आहे. पट्टा आवळला की हा पदर चुरगळतो आणि गळती वाढते. बहुतेकदा ती नाकाच्या दांड्याशी होते, हवा डोळ्यांत जाते, सकाळी डोळे चुरचुरतात. मग अजून एक बोट आवळायचं. बैलाच्या तोंडावर मोहरकी घालणारा कोणीही शेतकरी सांगेल, की सैल मोहरकी निघते आणि आवळलेली सोलते. पण त्याला बैलाचं तोंड समोर दिसत असतं. इथं माणूस अंधारात, झोपेत, स्वतःच्या डोक्यामागं हात घालून माप ठरवतो. त्यात बसून लावलेला मास्क आडवं झाल्यावर वेगळा बसतो, कारण गालांचं मांस सरकतं. म्हणून आधी आडवं व्हायचं, मशीन चालू करायचं, हवा भरू द्यायची, आणि मगच दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे लावायचे, तेही आधी सैल ठेवून. हे पाच मिनिटांचं शिकवणं काकांना कोणी दिलं नव्हतं.

मागचा रुंद तुकडा कुठं बसतो यावरही बरंच ठरतं. कवटीच्या मागं, मान सुरू होते त्याच्या वर, हाताला हाडाचा एक उंचवटा लागतो. पट्टा त्याच्या खालून धरला तर अडतो. वर गेला की कुशीवर वळताच टोपीसारखा निघून येतो. आता या जागेवर बायकांचा अंबाडा येतो. रात्री केस मोकळे सोडले तरी वेणीचा जाड भाग तिथंच. रोज तेल लावलेल्या केसांवरून गुळगुळीत विणीचं कापड घसरतं, आणि घसरतं म्हणून पुन्हा आवळणं आलंच. दाट दाढी असेल तर गादी टेकत नाही. पट्टा आखणाऱ्यानं तेल, वेणी आणि बेचाळीस अंशांच्या दिवसानंतरची रात्र यांचा विचार केलेला दिसत नाही, आणि त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या गावात हे नव्हतं.

मापांचंही तसंच. चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या श्वसनसाधनांची मापं अमेरिकेत कित्येक वर्षं १९६०च्या दशकात मोजलेल्या हवाईदलाच्या जवानांवरून ठरत होती. तरुण, सडपातळ, मुख्यतः गोरे पुरुष. २००३ मध्ये तिथं ३,९९७ कामगारांचे चेहरे नव्यानं मोजले, तेव्हा जुना आराखडा कामगारांच्या चेहऱ्यांना पुरेसा लागू नाही हे दिसलं. आपल्याकडे देबकुमार चक्रवर्ती यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्ये सिद्ध केलं. खुर्ची, ओटा, हत्यार आखणाऱ्यांना ते अजून उपयोगी पडतं. मास्क विकत घेणाऱ्याला मात्र पुठ्ठ्याचा एक फर्मा नाकाला लावून गादीचं माप मिळतं. डोक्याचं माप कोणी घेत नाही, कारण पट्टा ताणला जातो, सगळ्यांना बसतो, अशी समजूत आहे.

पट्टा झटकन निघावा, ही तितकीच खरी गरज आहे. ठसका लागला, उलटी आली, वीज गेली, तर मास्क एका हातानं सुटला पाहिजे. वेलक्रो रोज उघडू नये म्हणून कंपन्यांनी चुंबकाच्या कड्या आणल्या: जवळ नेलं की चिकटतात, ओढलं की सुटतात. म्हाताऱ्या बोटांना ते फार सोयीचं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये फिलिप्सला आपल्या चुंबकी कड्यांच्या मास्कांबद्दल इशारा द्यावा लागला. छातीत पेसमेकर किंवा शरीरात धातूची काही विशिष्ट उपकरणं असलेल्यांनी, इतकंच काय त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनीही, हे मास्क वापरू नयेत. पेसमेकरवाला नवरा आणि चुंबकी मास्कची बायको एका पलंगावर, हा विचार आखणी करताना सुचायला हवा होता.

या सगळ्यात सर्वांत लहान डोकी नवजात बाळांची. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या वीस बाळांना सतत दाबाची हवा दिली, त्यांतली सोळा वाचली. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. पाण्याच्या बाटलीत नळी बुडवून दाब राखणारी बबल सीपॅप त्यांतली सर्वांत स्वस्त. बाळाच्या नाकातली नळी जागेवर धरायला टोपडं लागतं. ते सैल असेल तर नळी हलून दोन नाकपुड्यांमधला नाजूक पडदा सोलला जातो, घट्ट असेल तर मऊ कवटीवर दाब येतो. म्हणून या टोपड्यांची मापं अगदी बारीक फरकांनी करतात आणि डोक्याचा घेर टेपनं मोजूनच ती घालतात. सातशे ग्रॅमच्या बाळाचं डोकं मोजतात, सत्तर किलोच्या माणसाचं नाही.

खरं तर पट्टा बनवणं हे शिवणकाम आहे. कापड कोणत्या दिशेला ताणलं जातं, ते उभं कापायचं की उरेब, शिवण कातडीच्या बाजूला आली तर किती टोचते, माया किती ठेवायची, कड ओव्हरलॉक करायची की चपटी टीप मारायची, ही सगळी जाण सोलापुरात आहे. पूर्व भागातले माग, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवणारी युनिटं, हे सगळं होटगीपासून जवळच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. घाम टिपायचा तर टेरीच्या फाशांसारखं दुसरं काही नाही.

काकूंनी म्हणूनच जुन्या टॉवेलची खोळ शिवून पट्ट्यावर चढवली. कानामागचं रुतणं थांबलं, पण दोन रात्रींत नवीनच प्रकार: वेलक्रोचे आकडे टेरीच्या फाशांत अडकून बसले, आणि मास्क काढताना टॉवेलचे धागे उपसून येऊ लागले. मग खोळ फक्त कानामागच्या चार बोटांपुरती ठेवली आणि बाहेरच्या अंगाला जुन्या धोतराचं कापड लावलं. आता तीच वापरात आहे. दोन शिवलेल्या आहेत, एक धुवायला, एक डोक्याला.

खोळ कोणीही शिवू शकतो. अख्खा पट्टा बनवून विकायचा तर मामला वेगळा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, आणि १ एप्रिल २०२० पासून जवळपास सगळीच वैद्यकीय उपकरणं त्या कक्षेत आली आहेत. नोंदणी, कापडाची कातडीला बाधा न होण्याची चाचणी, वारंवार धुतल्यावर ताण किती उरतो याची नोंद, हे सगळं करावं लागेल. आयआयटी मुंबईचं बेटिक हे केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअरांना एकत्र बसवून उपकरणं घडवतं. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय (आता विद्यापीठ) आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याला जोडली गेली. सोलापुरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे मशीन वापरणारे रुग्णही इथंच. त्या टेबलाभोवती एक खुर्ची गणवेश कापणाऱ्या मास्तरांसाठी ठेवावी. मागच्या तुकड्याची तीन मापं, अंबाड्यासाठी मधे मोकळी जागा, कानामागं शिवण नाही, लव झडली की बदलता येईल असा वेगळा वेलक्रोचा तुकडा. या चार गोष्टींचा पहिला नमुना कापायला मास्तरांना एक दुपार पुरेल. तो चाचणीला पाठवायची कागदपत्रं भरायला मात्र दुसरा माणूस लागेल.