कोळसा, पाणी आणि आपला वीजमीटर

कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाने लोणावळ्याला गेल्यावर चिक्कीबरोबर वळवणचे धरणही पाहून यावे. कारण मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या पाण्याशी बांधलेला आहे.

पूर्वी गिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालहून यायचा, कधी आफ्रिकेहून. भाडे वाढले की कापडाचा भाव चढे, आणि धूर गिरणगावातल्या कामगारांच्या वाट्याला येई. जमशेटजी टाटांनी घाटमाथ्यावरच्या पावसापासून वीज काढण्याचा विचार मांडला, पण ते 1904 साली वारले. पुढे लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव झाले. पाणी नळांतून 500 मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडले गेले, आणि 1915 साली तिथली वीज सुमारे 70 किलोमीटर दूर मुंबईला पोचली. हळूहळू गिरण्यांतली वाफेची इंजिने गेली.

सौदा मात्र एकतर्फी होता. जमीन मावळची, पाऊस मावळचा आणि उजेड मुंबईचा. शेजारच्या मुळशीत तर 1921 साली शेतकऱ्यांना सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह करावा लागला. आता शिरवट्याला 1800 मेगावॉटचा प्रकल्प ठरला आहे. दिवसा स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, अशी ती योजना आहे. या वेळी मावळच्या माणसाला काय मिळणार, हे आधी विचारलेले बरे.

आता आपल्या दुकानाचा हिशेब पाहू. छोट्या जनरेटरमध्ये लिटरभर डिझेलमागे जेमतेम 3 युनिट वीज निघते. डिझेल 90 रुपये धरले तर युनिट 30 रुपयांना पडले. इतके महाग तर कोणतेच बिल नसते! टेलर आणि इस्त्रीवाले बंधूंचे तसेच. कोळशाच्या इस्त्रीची ठिणगी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडली की दिवसाची कमाई गेली. 750 वॉटची विजेची इस्त्री तासभर सलग तापली तरी पाऊण युनिट खाते.

एवढ्यावर समाधान मानू नये, कारण तारेतून येणारी बरीचशी वीज आजही कोळशाचीच आहे. छपरावरचे सौर पॅनल हा खरा बदल. 2024 च्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण फक्त घरगुती मीटरला. दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही. ज्या कारागिरांचे काम घरातच चालते त्यांनी हे नीट समजून घ्यावे. साधारण 300 चौरस फूट मोकळे छप्पर लागते, आणि उन्हाच्या दिवशी 12 युनिटच्या आसपास वीज मिळते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ती बरीच घटणार. म्हणून विक्रेता वर्षाची बचत सांगेल तेव्हा जून ते सप्टेंबरचे आकडे त्याच्याकडून वेगळे लिहून घ्यावेत.