जोडणं, मोडणं, फेडणं

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. परत आली ती चार पुरचुंड्या घेऊन. एक तूरडाळीच्या डब्यातली, एक पिठाच्या, दोन माळ्यावरच्या पितळी डब्यातल्या. तिघींवर चिठ्ठ्या होत्या: गणपती, ताईचं बाळंतपण, पंढरपूर. चौथी कोरीच. "ही कसली?" बाबांनी विचारलं. "अशीच. असावी म्हणून."

एकूण बेचाळीस हजार निघाले. बाबा लगेच बुडालेलं व्याज मोजायला बसले. आई मात्र चोरी पकडल्यासारखी अवघडून उभी होती. गृहिणींनी खात्यात अडीच लाखांपर्यंत रक्कम भरली तर चौकशी होणार नाही, असं सरकारने पुढे सांगितलं. पण चौकशी बँकेत नव्हतीच, ती घरात चालू होती.

बाबांचं गणित बरोबर होतं. तरी पैशांचे बहुतेक निर्णय गणितात चुकत नाहीत, ते मनाशी अडखळतात. आपण पैशांसाठी वापरतो ती क्रियापदंच बघा. पै पै जोडतो तशी माणसंही जोडतो. एफडी मोडते, सोनं मोडतं आणि लग्नही मोडतं. कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईवडिलांचे पांगही फेडतो. व्यवहार आणि नाती यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या भाषेत, पैशांच्या वेळी भावना बाजूला ठेवा हा सल्ला कसा पचावा?

आधी जोडणं. चिठ्ठ्या लावून पैसे ठेवण्याच्या सवयीला रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने 'मेंटल अकाउंटिंग' म्हटलं. त्यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं. रुपया सगळीकडे सारखाच, पण मन त्याला वेगवेगळ्या डब्यांत भरतं. पगार जपून वापरणारा माणूस बोनस चार दिवसांत उडवतो, तो यामुळेच. पण याच सवयीचा फायदाही होतो. 'बचत' नावाच्या ढिगातून हात सहज उचल घेतो. 'ताईचं बाळंतपण' असं लिहिलेल्या पुरचुंडीला हात लावताना ताईचा चेहरा समोर येतो.

आता मोडणं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं, की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं. त्यांच्या पुढच्या कामात हे प्रमाण साधारण दुप्पट निघालं. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून अधिक अंकांनी कोसळला आणि 26 हजारांच्याही खाली बंद झाला. त्या आठवड्यात कित्येकांनी घाबरून सगळं विकलं. डिसेंबर संपता संपता तोच निर्देशांक 47 हजारांच्या वर होता. विकणाऱ्यांना हिशेब येत नव्हता असं नाही; रोज लाल आकडा बघणं त्यांना सोसवेना, एवढंच.

याची दुसरी बाजूही आहे. 'लेकीच्या लग्नाची' म्हणून ठेवलेली सात टक्क्यांची एफडी मोडायची नाही आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी वाढू द्यायची, असं अनेक घरांत चालतं. इथे चिठ्ठीच महाग पडते. मोडणं म्हणजे अपशकुन, हे मनातून काढावं लागतं. थकबाकी संपवून तीच रक्कम दरमहा पुन्हा भरायला घेतली, तर लेकीचं काहीच मोडत नाही.

सगळ्यात अवघड फेडणं, कारण त्यात लाज मिसळलेली असते. 50 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं फेडलं, तर हप्ता साधारण 43,400 रुपये बसतो आणि एकूण एक कोटी चार लाख जातात. जादा पैसे आले तर कर्ज लवकर फेडावं की गुंतवावं, यावर सल्लागार तासभर बोलतील. कर्जाने झोप उडत असेल तर थोडं लवकर फेडणंही शहाणपणाचंच. फक्त त्यासाठी हाताशी ठेवलेली गंगाजळी रिकामी करू नये. मात्र कर्ज बायकोपासून, नवऱ्यापासून लपवलं की व्याजापेक्षा ते लपवण्याचंच ओझं जड होतं.

मग उद्दिष्ट ठरवायचं कसं? त्याला नाव, रक्कम आणि तारीख द्यावी. घरखर्च महिना 40 हजार असेल, तर सहा महिन्यांची तरतूद म्हणजे 2 लाख 40 हजार. दरमहा पाच हजार टाकले तर चार वर्षं लागतील. ऐकूनच हातपाय गळतात. म्हणून आधी एकाच महिन्याचा खर्च जमवायचा, तो आठ महिन्यांत होतो. दुसरं, आजच्या पगाराला कात्री लावण्याऐवजी उद्याच्या वाढीतला हिस्सा आधीच बांधून टाकायचा. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत हे करून पाहिलं. 'आत्ता परवडत नाही' म्हणणाऱ्या कामगारांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. हातात आलेलंच नाही, ते गेल्याचं दुःख कसलं?

मागच्या वर्षी आईला बँकेचं ॲप शिकवत होतो. तिने विचारलं, "यात पुरचुंड्या करता येतात का?" येत होत्या. चार आवर्ती ठेवी उघडल्या, तिघींना नावं दिली. चौथीचा रकाना मी कोरा सोडला, तर ॲप पुढेच जाईना.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिही की, असावी म्हणून."