मचाणावरची दुर्बीण

दुपारी ३.००
किनवट तालुका, पैनगंगा अभयारण्य. बुद्धपौर्णिमेची प्राणीगणना. वनमजूर मामा मचाणावर चढतात, मागून तरुण गार्डसाहेब. वर पाच लिटरचा कॅन, भाकरी-ठेचा, नोंदीचा तक्ता आणि दोन दुर्बिणी. सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. विडी नाही, मोबाइलचा उजेड नाही.

४.३०
ऊन अजून भाजतंय. मामांची दुर्बीण माळेगावच्या जत्रेतली, नऊशेची. काचा लालभडक, अंगावर ५०×५० छापलेलं. गार्डसाहेबांची ८×४२. साडेआठ हजार, स्वतःच्या पगारातून. मामांची हजेरी पाचशे. "म्हंजे माझ्या सतरा हजेऱ्या," मामा म्हणतात.

५.१५
काचेवर धूळ बसली. मामा गमछा काढतात. "थांबा मामा." गार्डसाहेब आधी रबरी फुग्यानं धूळ उडवतात, मगच मऊ कापड फिरवतात. नुसता गमछा घासला की तीच धूळ काचेवरचा थर खरवडते.

६.५०
सूर्य बुडाला. समोरच्या पाणवठ्यावर रोही आल्या. जत्रेच्या दुर्बिणीत काळे ठिपके हलतात. ८×४२ मध्ये शिंगं दिसतात. एक नर, चार माद्या. तक्त्यात नर-मादीचा वेगळा रकाना आहे.

७.३०
चंद्र वर आलाय. गार्डसाहेब हळू आवाजात हिशोब सांगतात. पुढच्या काचेची रुंदी बेचाळीस मिलिमीटर, तिला आठ पटीनं भागा, सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या रुंदीचा उजेड डोळ्यात येतो. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. मामा पंचावन्नचे, त्यांना हीच पुरते. खिशात मावणारी १०×२५ अडीचच देते, वर हाताचा कंप दहापट दाखवते. मोठ्या जनावरासाठी मचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्यालाही काच निवडताना हाच हिशोब करावा लागे. १९७२ साली वन्यजीव कायदा आला. पुढे शिकार बंद झाली, मचाण राहिलं.

११.४०
झुडपाच्या सावलीत काहीतरी काळं. मामा दोन्ही कोपरं बांबूवर टेकवतात, श्वास धरतात. बराच वेळ बोलत नाहीत. मग, "अस्वल हाय. पाठीवर पिल्लू." गार्डसाहेब लिहितात : मादी १, पिल्लू १. जत्रेची दुर्बीण डब्याशेजारी पडून आहे.

पहाटे ५.४५
उजाडलं. रोही ५, रानडुकरं ११, अस्वलं २. मामा तक्त्यावर सही करतात. अंग आखडलंय. आठ वाजता टँकरसोबत दुसरा पाणवठा भरायला जायचंय.

जंगलासाठी दुर्बीण घेणार असाल, तर अंगावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. भर दुपारी दुकानात सगळ्याच काचा चांगल्या दिसतात. दिवेलागणीला जा, दुर्बीण घेऊन रस्त्यावर या आणि लांबच्या झाडाची पानं दिसतात का बघा. दिसली तरच पैसे मोजा.