बग्गी घ्यावी की ट्रक?

रेडिओ-नियंत्रित गाड्यांची शर्यत लावायची आहे आणि पैसे एकाच गाडीपुरते आहेत. मग बुटकी बग्गी घ्याल की मोठ्या चाकांचा ट्रक? आधी जमीन पाहा.

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या माळांवर काळ्या बेसाल्टचे दगडगोटे पसरलेले असतात. चाकाच्या त्रिज्येहून उंच दगडावर चाक सहसा चढत नाही. बग्गीच्या चाकाची त्रिज्या ४ सेंमी. असेल, तर ५ सेंमी.चा दगड तिला अडवील, ७ सेंमी. त्रिज्येच्या चाकाचा ट्रक पुढे जाईल.

मग ट्रकच का घेऊ नये? कारण वळण! डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. समजा, ट्रकसाठी १५ ÷ १२ = १.२५ आणि बग्गीसाठी १२ ÷ ६ = २ आले. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते.

पडताळा घ्या. गाडी फळीवर आडवी ठेवा, खालच्या चाकांशी पातळ पट्टी ठोका आणि फळी हळूहळू तिरपी करा. गाडी कोणत्या कोनात कलंडते, ते कोनमापकाने मोजा.

तात्पर्य, शाळेच्या सपाट मैदानावर बग्गी, दगडाळ माळावर ट्रक!