डॅलसमधलं बिननावाचं वाद्य

हेडफोन लावून वॉशिंग्टन फिलिप्स यांचं कुठलंही गाणं ऐका. मराठी कान पहिल्या दोन-चार क्षणांतच म्हणेल, अरे, हे तर स्वरमंडळ! तारांचा तसाच झुळझुळता ओघ, एक सूर विरायच्या आत दुसऱ्याचं त्यात मिसळून जाणं. पण पहिलं कडवं संपेपर्यंत खात्री डळमळते. हे वाद्य गायकामागे सुरांचा पडदा धरून थांबत नाही. ते गाण्याची चाल वाजवतं, खालून ठेका देतं आणि मधूनच किल्लीच्या संगीतपेटीसारखं किणकिणतं. त्यावर एका मध्यमवयीन शेतकऱ्याचा शांत, किंचित थकलेला आवाज. भक्तिगीतं आहेत ही, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेतली.

1880 साली जन्मलेले फिलिप्स टीग या छोट्या गावाजवळ राहत, शेती करत आणि प्रवचनं देत. 2 डिसेंबर 1927 रोजी डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रण पथकासमोर ते पहिल्यांदा बसले. त्यानंतर 1929 पर्यंत दरवर्षी डिसेंबरात गेले आणि एकूण अठरा गाणी दिली. त्यांपैकी सोळा आज आपल्यापाशी आहेत. 1927 मधल्या त्या पहिल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, 3 डिसेंबरला, त्याच पथकानं डॅलसमध्ये गायक ब्लाइंड विली जॉन्सन यांची गिटार आणि शब्दांविना हुंकार टिपला. तो हुंकार 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेला. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. त्या एका आठवड्यात डॅलसमध्ये केवढं काय टिपलं गेलं, याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

जॉन्सन यांची गिटार ओळखायला कुणाला कष्ट पडले नाहीत. फिलिप्स यांच्या तबकडीच्या लेबलवर मात्र वाद्याच्या जागी ‘नॉव्हेल्टी अकंपनिमेंट’ एवढंच छापलं होतं, म्हणजे काहीतरी नवलाईची साथ. मुद्रण करणाऱ्या फ्रँक वॉकर यांना अनेक वर्षांनी विचारलं, तेव्हा त्यांना इतकंच आठवलं की ते वाद्य त्या माणसानं स्वतःच बनवलं होतं आणि त्याच्याखेरीज कुणालाही ते वाजवता आलं नसतं.

जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी मग कानावर भिस्त ठेवली. कानानं नाव सुचवलं डॉल्सिओला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतल्या टोलेडो शहरात काही वर्षं बनलेलं हे वाद्य म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या बसवलेलं झिदर, चपट्या खोक्यावर तारा ताणलेलं वाद्य. पट्टी दाबली की छोटा हातोडा तारेवर आपटतो. आवाज पियानोच्या धाकट्या बहिणीसारखा. हे नाव इतकं रुळलं की कित्येक वर्षं फिलिप्स यांच्या नावाला डॉल्सिओला चिकटूनच राहिलं.

कान कुठे फसला, हे समजायला एक प्रयोग घरी करता येतो. मोबाइलवर पियानोचा एखादा सूर मुद्रित करा आणि ॲपमध्ये उलटा वाजवा. सूर तोच, त्यातले सगळे उपस्वर तेच, पण पियानो गायब! ऐकू येतं ते हार्मोनियमच्या भात्यासारखं फुगत जाणारं काहीतरी. वाद्याची ओळख पटवण्यात सुराच्या सुरुवातीचा वाटा फार मोठा असतो. तारेला बोट लागलं, नखी लागली की हातोडा, हे पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत ठरतं. हातोड्याचं मऊ टोक तारेला क्षणभर चिकटून राहतं आणि उंच उपस्वर दाबून टाकतं. बोटानं ओढून सोडलेली तार जास्त उघडी बोलते. शिवाय पट्ट्यांच्या यंत्रणेची स्वतःची टकटक असते. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, चार तारांवरून अंगठा फिरवला तर सूर एकामागोमाग एक पायऱ्यांसारखे उमटतात. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळ आणि कंपनसंख्या यांच्या आलेखावर, त्या पायऱ्या डोळ्यांना दिसू शकतात.

अडचण अशी की सुरुवातीचे हे बारकावे बरेचसे उंच कंपनसंख्यांमध्ये राहतात आणि जुनी तबकडी नेमकी तिथेच मुकी. 1925 पासून कर्ण्याऐवजी मायक्रोफोननं मुद्रण होऊ लागलं होतं, त्यामुळे फिलिप्स यांची गाणी तशी सुदैवी. तरीही साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर गेलं की सुईच्या खरखरीत फारसं काही हाती लागत नाही. ठशाचा अर्धा भाग पुसलेला असला की कान उरलेला भाग आपल्या ओळखीच्या वाद्यावरून भरून काढतो. अमेरिकी संग्राहकाच्या मनात डॉल्सिओला होतं, आपल्या मनात स्वरमंडळ असतं.

सुराची उंची तरी साक्षीला घ्यावी, तर तीही कच्ची. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 80 फेऱ्यांनी फिरली तर सगळे सूर सुमारे अडीच टक्क्यांनी चढतात, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्म्यानं. म्हणून सूर कुठल्या पट्टीत आहेत यापेक्षा त्यांचं एकमेकांशी नातं काय आणि ते विरतात कसे, हे पाहणं जास्त भरवशाचं.

तार कुठे छेडली, यानंही पोत बदलतो. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर उमटत नाहीत, कारण त्यांचा स्थिर बिंदू तिथेच येतो. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की तानपुऱ्यात आणि वीणेत हा नियम मोडतो. त्यांच्या रुंद, बाकदार घोडीवर तार सरपटत टेकते आणि नियमानं गैरहजर असायला हवेत तेही उपस्वर हजेरी लावतात. मिरजेचे कारागीर जवारी काढताना पिढ्यान्‌पिढ्या हेच हातानं साधत आले आहेत. झिदरची तार मात्र बारीक कडेवर टेकते, त्यामुळे तिथे छेडण्याची जागा आपली खूण ठेवून जाते. हातोडा कायम एकाच जागी आपटतो, बोट हवं तिथे सरकतं.

आणि सुरांची ती झुळझुळती लकाकी? तिची कारणं भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली आहेत. एका सुराच्या दोन तारा अगदी बरोबर जुळलेल्या नसल्या, एक 440 हर्ट्झला आणि दुसरी 442 ला बोलली, तर आवाज सेकंदाला दोनदा फुलतो आणि ओसरतो. यालाच विस्पंद म्हणतात. त्यातच सगळ्या तारा मोकळ्या, त्यांना थांबवणारं काही नाही. एक छेडली की तिच्याशी नातं असलेल्या इतर तारा सतारीच्या तरफांसारख्या आपोआप थरथरतात. स्वरमंडळाचा भास होतो तो इथे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. दोन्ही एकाच कुळातली वाद्यं आहेत.

निकाल लागायला मात्र डोळ्यांची साक्ष लागली. कोलंबियाच्या त्या काळातल्या जाहिरातीत फिलिप्स यांचं छायाचित्र आहे. त्यात त्यांच्याजवळ पट्ट्यांचं वाद्य नाहीच. आहेत ती दोन झिदरं, पडदे नसलेली. फिरते विक्रेते घरोघरी विकत तसली ही वाद्यं: एका बाजूला चालीच्या तारा, दुसऱ्या बाजूला कॉर्डसाठी चार-चार तारांचे जुडगे. चित्र पाहून पुन्हा ऐकलं की चाल आणि ठेका दोन्ही एकाच माणसाकडून कसे येतात, याचं कोडं उरत नाही.

दुसरी साक्ष पत्रकार मायकल कोरकोरन यांच्या चिकाटीची. संदर्भग्रंथांत फिलिप्स यांचा मृत्यू 1938 साली मनोरुग्णालयात झाल्याचं छापलेलं होतं. कोरकोरन टीगच्या परिसरात ओळखीपाळखीच्या लोकांना भेटत गेले, तेव्हा कळलं की तो त्याच नावाचा दुसराच माणूस. आपले गायक 1954 पर्यंत हयात होते आणि चर्चमध्ये गात होते. म्हणजे वाद्याबरोबर माणूसही चुकीचा ओळखला गेला होता.

याच शोधात ‘टीग क्रॉनिकल’ या स्थानिक वर्तमानपत्राचा फिलिप्स यांच्या वाद्याविषयीचा 1907 मधला एक मजकूर पुढे आला. इतकं आगळं वाद्य आपण कधी पाहिलं नाही, असं सांगून बातमीदारानं त्याचं माप दिलं आहे: दोन फूट रुंद, तीन फूट लांब, सहा इंच खोल घरगुती पेटी, तिच्यावर व्हायोलिनच्या तारा, बांधणी ऑटोहार्पसारखी. वाजवणारा दोन्ही हातांनी वाजवतो आणि वाटेल ती चाल काढतो.

1907 ची पेटी आणि 1927 ची झिदरं यांच्यात वीस वर्षांचं अंतर आहे. एवढ्या काळात कुठलाही हौशी कारागीर आपलं वाद्य दहादा खोलून बांधतो, तारा बदलतो, नवं जोडतो. मला ती दोन वेगळी वाद्यं वाटत नाहीत. एकाच माणसाचा मनासारखा आवाज शोधण्याचा तो लांबलेला उद्योग वाटतो. त्या आवाजाला त्यानं नावही दिलं होतं. डॅलसच्या लेबलवर ते आलं नाही, पण तिथून दीडशे किलोमीटरवरच्या गावच्या वर्तमानपत्रानं वीस वर्षं आधीच ते छापलं होतं: मँझरीन.